कुंपणाचे वय

दिवाळी तोंडावर आली की घरातल्या साऱ्या वस्तूंवरून हात फिरतो. भिंतींना रंग लागतो, डबे घासले जातात, अंगण सारवले जाते, कंदिलाचा सांगाडा माळ्यावरून खाली येतो. कुंपणाची आठवण मात्र कोणाला होत नाही. ती होते गाय आत शिरल्यावर, नाही तर शेजाऱ्याशी वाजल्यावर. आपल्या भाषेने कुंपणाला दोन म्हणींत अमर केले आहे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि कुंपणच शेत खाते. पहिलीत कुंपण म्हणजे मर्यादा, दुसरीत कुंपण म्हणजे विश्वासघात. पण जुने कुंपण नवे केव्हा करावे आणि कसे करावे, हे सांगणारी म्हण काही माझ्या ऐकण्यात नाही. म्हणून वाचकहो, आज थोडे इतिहासाकडे वळून ते उत्तर शोधू.

आमचा मुळशीचा मुलूख सह्याद्रीच्या कुशीतला. ताम्हिणीच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की दोन-दोन दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. भात, नाचणी आणि वरई ही इथली पिके. अशा मुलखात कुंपण हे फार जुन्या काळापासून रानानेच पुरवले. करवंदीच्या जाळ्या, चिल्हारीच्या आणि बाभळीच्या काट्या, कळकाच्या कामट्या, कारवीच्या काठ्या आणि मधूनमधून ऐनाची किंवा खैराची मेढ, असे ते कुंपण. त्याला जुन्या माणसांचा शब्द आहे ‘वई’. वईला दार म्हणून विणलेली ताटी. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांतली ती हीच ताटी. लाकडी फळ्यांचे दार परवडत नसे तेथे कळकाची वीण पुरत असे.

या वईचे पंचांग ठरलेले होते. दिवाळीच्या सुमारास भात कापले की शेतात राखण्याजोगे काही उरत नाही. गुरे मोकळी सुटतात, वई हळूहळू मोडते, तिच्या वाळल्या काट्या चुलीत जातात. पुढे उन्हाळ्यात नव्या काट्या तोडून आणायच्या आणि पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी वई पुरी करायची. पौडच्या बाजूचे एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले होते, “गुरुजी, कुंपण पावसाच्या आधी बघावं. पाऊस लागल्यावर ते आपल्याला बघतं.” केव्हा बदलावे, याचे इतके नेमके उत्तर पुस्तकात मिळायचे नाही.

लाकडी मेढ कुठून जाते, हेही जुन्या माणसांना ठाऊक होते. ती वरून कुजत नाही, खोल मातीतही लवकर कुजत नाही. माती आणि हवा जिथे भेटतात, त्या टीचभर पट्ट्यात ओल आणि वारा दोन्ही मिळतात, आणि तिथेच बुरशी आणि वाळवी आपले काम करतात. म्हणून पुरायच्या आधी बूड विस्तवावर काळे होईस्तोवर भाजत. पुढे डांबर मिळू लागल्यावर डांबर फासत. जुन्या कुंपणाची परीक्षाही तिथेच घ्यावी. जमिनीलगत कोयत्याचे टोक टोचावे. ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले तर मेढ संपली. दहांत दोन मेढी अशा निघाल्या तर दोन बदलाव्या. निम्म्या निघाल्या तर ठिगळे लावण्यात राम नाही.

हाच निम्म्याचा हिशेब एकदा एका साहेबानेही मांडला होता, आणि तोही केवढ्या कुंपणासाठी! एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरचा कर चुकू नये म्हणून हिंदुस्थानच्या मध्यातून एक जकातीची रेषा आखली होती. १८६९च्या सुमारास ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल पसरली होती, आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे पहाऱ्याला होती. तिच्या मोठ्या भागावर, थेट आपल्या खानदेशाच्या उंबऱ्यावरच्या बऱ्हाणपुरापर्यंत, काट्यांचे कुंपण होते. राजपुतान्यातले मीठ आणि आपल्या मुंबई इलाख्यातले कमी कराचे मीठ पलीकडे जाऊ नये, हा त्याचा हेतू.

आरंभी हे कुंपण आपल्या वईसारखेच सुक्या काट्यांचे होते. १८६७ साली या खात्याचा कारभार ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे आला. त्यांनी हिशेब केला, तेव्हा मैलाला सुमारे २५० टन काट्या लागतात आणि त्यांतल्या निम्म्या दरसाल नव्याने घालाव्या लागतात असे निघाले. वाळवी खाते, वणवा जाळतो, वावटळ उडवते. मग ह्यूमसाहेबांनी ठरवले की मेलेल्या कुंपणाच्या जागी जिवंत कुंपण लावायचे. कोणत्या मातीत कोणते झाड जगते याचे प्रयोग केले. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, शेर अशी आपल्या ओळखीचीच मंडळी कामाला लावली. माती वाईट तेथे चर खणून दुसरीकडची माती भरली, पुराच्या जागी बांध घालून त्यावर लावणी केली. काही ठिकाणी हे कुंपण बारा फूट उंच झाले. आमच्या मावळातल्या कुणब्याला जे बापजाद्यांकडून आले होते, ते साहेबाला आकडेमोड करून कळले, इतकाच काय तो फरक!

हे जिवंत कुंपण किती वर्षे टिकले असते कोण जाणे. पण १८७९ साली सरकारनेच ते सोडून दिले. राजपुतान्यातली मिठागरे करारांनी सरकारच्या ताब्यात आली, निरनिराळ्या प्रांतांतला कर जवळपास आणला गेला, आणि कुंपणाचे कारणच उरले नाही. मिठावरचा कर मात्र गेला नाही. १९३० साली दांडीला जावे लागले ते त्यासाठीच. कुंपण शेतकऱ्यांच्या नांगराखाली गेले. रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाने अलीकडे त्याचा मागोवा घेतला. पुष्कळ भटकंतीनंतर त्याला इटावा जिल्ह्यात एक लहानसा तुकडा आढळला, आणि २००१ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. ह्यूमसाहेब पुढे काँग्रेसचे एक संस्थापक झाले. १८८५चे पहिले अधिवेशन आमच्या पुण्यातच भरायचे होते. पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईस गेले. सबंध देशाला कुंपण घालणाऱ्याच्याच हातून देशाला एकत्र बसवण्याचे काम व्हावे, ही इतिहासाची मौज.

जिवंत कुंपण चांगले म्हणावे, तर निवडुंगाची कथा आडवी येते. निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्याला पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावीत नाहीत; म्हणून लोकांनी तो हौसेने गावाभोवती लावला. पुढे तोच शेतात, गायरानात, ओसाड वाड्यांत घुसला. विंचू-साप, उंदीर आणि घाण यांना त्यात आसरा मिळाला. पुण्याच्या नाना पेठेतला निवडुंग्या विठोबा या झाडीची आठवण आजही नावात जपून आहे. मूर्ती निवडुंगात सापडली अशी कथा सांगतात, आणि आषाढीच्या वाटेवर तुकाराम महाराजांची पालखी तिथे मुक्कामाला असते. दुष्काळात काटे भाजून निवडुंग गुरांना घालण्याचेही प्रयोग झाले.

हा निवडुंग कोयत्याने हटला नाही. तोडलेला तुकडा पडेल तिथे मूळ धरी. तो हटला एका किड्याने. १७९५ साली लाल रंग मिळावा म्हणून कंपनी सरकारच्या काळात एक किडा परदेशातून बंगालात आणला गेला. रंग काही चांगला निघाला नाही, पण त्याने निवडुंगाची एक जात खाऊन टाकली. दुसरी जात त्याला दाद देईना. तिच्यासाठी १९२६ साली सिलोनमधून दुसरा किडा दक्षिण हिंदुस्थानात आणला, आणि मग दख्खनमधला पुष्कळसा निवडुंग पाहता पाहता वितळला. यातला बोध साधा आहे. कुंपणासाठी झाड निवडताना ते किती लवकर वाढते हे सगळेच विचारतात. ते कुठे थांबते, हेही विचारावे.

एवढ्यात तारेचा जमाना आला होता. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने १८७४ साली काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि झाडाचा काटा लोखंडाला फुटला. तार लवकर लागते, जागा खात नाही, वाढत नाही. तिचे वय मात्र जस्ताच्या मुलाम्यावर असते. आमच्या पावसात मुलामा गेला की गंज धरतो आणि सर्वांत खालचा पदर आधी तुटतो. सिमेंटच्या खांबाला तडा गेला की आतली सळई गंजते, फुगते आणि खांब फोडते. तेव्हा ‘एकदा खर्च केला की जन्माची काळजी मिटली’ असे कुंपण अजून कोणी बनवलेले नाही.

पण कुंपण बदलताना खरा तंटा लाकडा-लोखंडाचा नसतो, तो जमिनीचा असतो. हे नीट समजून घेतले पाहिजे. जुनी करवंदीची जाळी दोन्ही अंगांनी वाढून चार-पाच फूट रुंद झालेली असते. ती काढून तिथे तार ओढली, की तारेला बोटभर जागा पुरते. मग उरलेली पट्टी कोणाची? दोघेही म्हणतात, माझी! जोवर जाळी होती तोवर ती पट्टी कोणाचीच नव्हती. तिथली करवंदे दोन्ही घरची पोरे खात होती, आणि चिमण्या-बुलबुलांचा तर तो पिढीजात वाडाच होता. कुंपण आणि हद्द या दोन गोष्टी निराळ्या आहेत. शेताची शास्त्रशुद्ध मोजणी याच पुणे जिल्ह्यात, इंदापुरास, १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली, तेव्हापासून हद्द नकाशावर असते. कुंपण जिथे सोयीचे तिथे असते. म्हणून जुने उपटण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्याला उभे करून खुणा गाडाव्या, आणि मगच कोयता हाती घ्यावा. मोजणीची फी भांडणाच्या खर्चापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

मुळशीकराला हद्दीची गोष्ट अधिक लागते, त्याला कारण आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायला घेतले, तेव्हा जमीन रीतसर संपादन होण्याआधीच शेतांत चाचणीचे चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे पुढे होते, आणि पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. बायका-मुलांसह माणसे कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. १९२४पर्यंत लढा धुगधुगत राहिला. शेवटी धरण झाले, आणि गावेच्या गावे पाण्याखाली गेली. त्या तीन-चार वर्षांतल्या एखाद्या घराची कल्पना करून पाहा. उन्हाळा आला आहे, वईच्या मेढी कुजल्या आहेत. नव्या घालाव्या की नाही? घालाव्या तर पाणी येणार. न घालाव्या तर आपणच शेत सोडले असे होणार. माझी अशी समजूत आहे की त्या वर्षांत ज्यांनी कोणी नवी मेढ पुरली असेल, त्यांचा तोही एक सत्याग्रहच होता.

आज त्याच धरणाच्या काठाने आणि पिरंगुट-हिंजवडीच्या अंगाने प्लॉट पडत आहेत. जिथे वई होती तिथे तारेची जाळी येते, जाळीच्या जागी ‘वॉल कंपाऊंड’ येते. मालकाने आपली जागा राखावी, यात गैर काही नाही. पण जुन्या वईला ताटी होती. तिच्यातून गवताचा भारा जात होता, हंडा जात होता, शाळेची पोरे जात होती, आणि काट्यांच्या फटींतून पावसाचे पाणी वाट काढीत होते. सलग भिंत ही सारी ये-जा एका दिवसात बंद करते. पाणी अडून शेजारच्या खाचरात तुंबते, आणि पोरांना मैलभराचा वळसा पडतो. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेताची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि १९६६च्या महसूल संहितेच्या १४३व्या कलमात बांधावरून वाट मिळण्याची तरतूद आहे. परंतु शेजाऱ्याला कचेरीची पायरी चढायला लावून मिळवलेली वाट, आणि कुंपण घालतानाच ठेवलेली वाट, यांत फरक आहे.

तेव्हा कसे करावे? माझे मत सांगतो. जुने कुंपण एकदम उपटू नये. जिथे पार मेले आहे तिथून आरंभ करावा. सुके कुंपण जागेवर ठेवून त्याच्या आतल्या अंगाला मृगाच्या तोंडी करवंद, निरगुडी, मोगली एरंड लावावे, पांगाऱ्याचे खुंट ठोकावे. कोवळ्या रोपांना गुरांपासून राखण्याचे शेवटचे काम त्या जुन्या काट्यांकडूनच करून घ्यावे. दोन-तीन पावसाळ्यांनी नव्याला दम आला, की जुने आपोआप चुलीच्या कामी येते. तार हवीच असेल तर तीही या झाडांच्या आधाराला एक-दोन पदर ओढावी. आणि वाट होती तिथे वाट, पाणी जात होते तिथे मोरी ठेवावी.

कुंपण कुजले की नाही हे कोयत्याचे टोक सांगते. पण ते ज्या कारणासाठी घातले होते ते कारण जिवंत आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. २,३०० मैलांच्या रेषेवरचे कुंपण कारण सरताच शेतात मिळून गेले, आणि कोणाचे काही अडले नाही. गाय आत येऊ नये हे कारण आपल्याकडे अजून आहे, तोवर कुंपण हवेच. शेजारी आत येऊ नये हे कारण आपल्या वाडवडिलांच्या वईला कधीच नव्हते. भात घरी आले आहे, गुरे मोकळी आहेत, उन्हाळ्याला अवकाश आहे. यंदा फराळाचे ताट घेऊन पलीकडच्या घरी जाल, तेव्हा ताटीशी थोडे थांबा आणि दोघे मिळून एकदा मेढीचे बूड तपासा.