दौलताबादचा पितळी टंका

आमच्या गावात शुक्रवारी माग बंद असतात. आठवडाभर चाललेला खडखडाट थांबतो, जुम्याच्या नमाजनंतर बाजार फुलतो आणि त्या बाजाराच्या एका कोपऱ्यात मोडीचा एक व्यापारी गोणपाट पसरून बसतो. गंजलेली कुलपे, अडकित्ते, समयांचे तुटके दांडे, बंद पडलेली घड्याळे आणि एका ॲल्युमिनियमच्या थाळीत नाणी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो, हे त्याला ठाऊक आहे. आम्ही दिसलो की तो लांबूनच हाक मारतो, “मास्तर, तुमचं लिखाण आलंय!” त्याच्या हिशेबी नाण्यांचे दोन प्रकार. चित्राची नाणी आणि लिखाणाची नाणी. लिखाणाची आमची.

ही विभागणी अडाणी वाटली तरी तिच्यामागे तेराशे वर्षांचा इतिहास आहे. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९६-९७ मध्ये, दिनारवरची चित्रे काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना फक्त अक्षरे ठेवली. तिथून पुढे इस्लामी जगातले नाणे हे बहुतांशी वाचायचे नाणे झाले. राजाचा चेहरा नाही, पण त्याचे नाव, टांकसाळीचे गाव आणि साल. खुत्ब्यात नाव आणि सिक्क्यावर नाव, ही राज्य आपले असल्याची दोन चिन्हे मानली गेली. त्यामुळे अशा नाण्याचे वाचन म्हणजे अस्सल दस्तऐवजाचे वाचन असते. आमच्या पगारात घेता येणारा अस्सल दस्तऐवज दुसरा नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी त्या थाळीत पिवळट-हिरव्या रंगाचे, नखाने खरवडल्यावर पितळ दिसणारे एक जाडसर नाणे हाती लागले. अंगठ्याने माती पुसली आणि एक शब्द वाचता आला : ‘तख़्तगाह’. पुढचा शब्द मातीखाली होता. पण त्या आकाराच्या पितळी नाण्यावर तो शब्द म्हटल्यावर छातीत धडधडू लागले. संग्राहकाच्या आयुष्यातला हा क्षण फार अवघड असतो. चेहरा कोरा ठेवावा लागतो. आम्ही आधी एका कुलपाचा भाव विचारला, मग घड्याळाचा, आणि जाता जाता विचारावे तसा नाण्याचा. पण त्या माणसाने आमच्या हाताकडे पाहिले असावे. त्याने दीड हजार सांगितले आणि बाराशेवर आला. महिनाअखेर होती. आम्ही दिले.

घरी अम्मींनी विचारले, “पैसे देके पैसेच लाया? और वो बी पितल के?”

उत्तर द्यायला तोंड नव्हते. गंमत अशी की, नेमका हाच प्रश्न सातशे वर्षांपूर्वी दिल्लीच्या बाजारात विचारला गेला होता.

महंमद बिन तुघलक १३२५ मध्ये गादीवर आला. १३२७ च्या सुमारास त्याने देवगिरीला दौलताबाद करून तिथे राजधानी आणली आणि हिजरी ७३० मध्ये, म्हणजे १३२९-३० मध्ये, पितळेचे व तांब्याचे टंके काढून हुकूम केला की ते चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवावेत. नाण्यावर फारसीत लिहिले होते की, उमेदवार बंदा महंमद तुघलक याच्या काळात हा टंका चलनी म्हणून मोहरबंद झाला. दुसऱ्या बाजूला अरबीत : मन अताअस्सुलतान फ़क़द अताअर्रहमान. ज्याने सुलतानाची आज्ञा पाळली, त्याने रहमानची आज्ञा पाळली. नाण्याच्या अंगात चांदी नाही, तेव्हा आज्ञापालनाचा आधार घेतला. सरकारने ‘हे चालवा’ म्हणून नाण्यावरच बजावल्याचे इतके उघड उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. कडेने टांकसाळ आणि साल : तख़्तगाह दौलताबाद, साल बर हफ़्तसद सी. सातशे तीस, आकड्यात नव्हे, शब्दात.

ही नाणी दिल्लीतही पडली, तिरहुतेत, लखनौतीत आणि सुलतानपूर म्हटल्या जाणाऱ्या वरंगळातही पडली. पण दौलताबादची आपल्या दारातली. आज तो किल्ला ज्या जिल्ह्यात आहे त्याचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. देवगिरीचे दौलताबाद करणाऱ्या सुलतानाच्या नाण्यावरचे गाव मात्र जसेच्या तसे वाचता येते.

मराठीत हा सुलतान ‘वेडा महंमद’ म्हणून प्रसिद्ध. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द आमची मुलेसुद्धा सहज वापरतात, तेही एखाद्या तुघलकी आडनावाच्या वर्गमित्रासमोर. कल्पना वेडी होती का? चीनमध्ये मंगोल बादशहांनी कागदी चलन चालवले होते. इराणात गैखातूने १२९४ मध्ये तब्रीझला तोच प्रयोग केला आणि बाजार बंद पडले. म्हणजे यश आणि अपयश दोन्हींची उदाहरणे सुलतानापुढे होती. चांदीची त्या काळात चणचण होती, असे काही अभ्यासक मानतात. इतिहासकार झियाउद्दीन बरनी मात्र सुलतानाच्या दिग्विजयाच्या बेतांकडे आणि रिकाम्या होत चाललेल्या खजिन्याकडे बोट दाखवतो. आपल्या खिशातल्या दहाच्या नाण्यात तरी दहा रुपयांचा धातू कुठे असतो? आणि मध्यंतरी आमच्याच गावात दुकानदार ते नाणे ‘नकली आहे’ म्हणून घेत नव्हते. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चलनी आहेत. विश्वास उडायला खरे नकली नाणे लागतच नाही, अफवा पुरते.

तुघलकाच्या वेळी मात्र नकली नाणी खरीच निघाली, आणि उदंड निघाली. बरनी म्हणतो की प्रत्येक हिंदूचे घर टांकसाळ झाले. हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून फार फिरले आहे. वर्गात ते वाचून पुढे जाणे आम्हाला जमत नाही. बरनी मोठा लेखक, सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षे वावरलेला. पण तो उच्चकुलीनतेचा कडवा अभिमानी होता. खालच्या थरातला माणूस, मग तो मुसलमान का असेना, वर आलेला त्याला खपत नसे. त्याच्या रागाची साक्ष आणि घटनेची साक्ष वेगळी करावी लागते. नाणे पाडायला पितळ लागते, ते सर्वांच्याच घरी होते. पण ठसा कोरायला अरबी-फारसी अक्षरांचा हात लागतो. तो हात सरकारी टांकसाळीतल्या कारागिरांइतका कुणाचा तयार असणार? लबाडीचा धर्म शोधण्याआधी हे पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

दोन-तीन वर्षांत प्रयोग आटोपला. इथे मात्र सुलतानाने जे केले ते वेडेपणात मोडते की इमानदारीत, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. त्याने पितळी टंके परत मागवले आणि बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी दिली. तुघलकाबादेत परत आलेल्या पितळेचे डोंगर साचले, असे बरनी लिहितो. सरकारी कोणता आणि घरगुती कोणता, हे निवडणे अशक्यच होते. सरकारची चूक रयतेच्या माथी न मारता स्वतःच्या तिजोरीतून भरणारा हा राज्यकर्ता. तरीही गिरीश कार्नाडांच्या १९६४ च्या नाटकानंतर तर त्याचा वेडेपणाच डोळ्यांसमोर राहतो. नाणेतज्ज्ञ एडवर्ड टॉमस याने मात्र १८७१ च्या ग्रंथात या सुलतानाला नाणे पाडणाऱ्यांचा राजा म्हटले. आणि इब्न बतूता, जो १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि सुलतानाच्या कितीतरी लहरी रंगवून सांगतो, तो या पितळी टंक्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आता आमच्या नाण्याकडे येऊ. खरेदीचा आनंद एक रात्र टिकला. सकाळपासून शंका. शंकेला कारण होते. त्याआधी आम्ही एकदा चांगलेच पोळलो होतो. एका प्रदर्शनात जहांगीरचा राशीचा रुपया म्हणून एक नाणे घेतले होते. जहांगीरने १६१८ पासून महिन्याच्या नावाऐवजी त्या महिन्याच्या राशीचे चित्र नाण्यावर घातले. मेंढा, बैल, सिंह. ही कल्पना आपलीच, असे तो आत्मचरित्रात अभिमानाने लिहितो. रुपये प्रामुख्याने अहमदाबादचे, मोहरा आग्ऱ्याच्या. पुढे शहाजहानने ती नाणी वितळवून टाकायला लावली असे सांगतात, म्हणून दुर्मिळ. आणि दुर्मिळ म्हणून पूर्वीपासूनच शौकिनांसाठी त्यांच्या नकला होत आल्या. आमचा सिंह अशीच एक नक्कल निघाला. ठशाखाली पाडलेला नव्हे, साच्यात ओतलेला. कडेला साच्याची शिवण होती आणि पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे सुईएवढे खड्डे. त्याला दोन पगारांतली शिल्लक गेली होती. विकणारा गृहस्थ दुसऱ्या वर्षी दिसला तेव्हा त्याने ओळखही दाखवली नाही.

त्यामुळे या वेळी भिंग घेऊन बसलो. शिवण नाही, खड्डे नाहीत. हिरवा थर साबणाने धुतला तरी निघाला नाही. (चिंचेने घासून नाणे चकचकीत करणाऱ्यांना आमचा कोपरापासून नमस्कार. पितळेच्या हंड्याला जे चालते ते नाण्याला चालत नाही. सातशे वर्षांची साय एका मिनिटात जाते.) नाणे पाडलेले होते हे नक्की. मग सराफाच्या काट्यावर नेले. पितळ आणलेले पाहून सराफ हसला. वजन आले ७ ग्रॅम ९०० मिलिग्रॅम. हा टंका नऊ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. झीज म्हणावी तर अक्षरे ठसठशीत होती.

आणि दुसरी एक चिंता. हे आले कुठून? १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा दफिना सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवले पाहिजे. पुढच्या शुक्रवारी आम्ही व्यापाऱ्याला विचारले. तो म्हणाला, “मोडीतून, मास्तर. जुन्या भांड्यांच्या पोत्यात एकटाच निघाला.” पोते कुठले, ते त्याला आठवत नव्हते. आम्ही विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला म्हणून ठेवला, हेही कबूल करतो. एखादे नाणे कुठल्या शेतात, कुठल्या इतर नाण्यांबरोबर सापडले हे कळले तर इतिहास दुप्पट बोलतो. बाजारात आले की ते अर्धे मुके होते, आणि त्या बाजाराचे गिऱ्हाईक आम्हीच.

नाशिकला एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. चाळीस वर्षे सुलतानी नाणी जमवली. त्यांना लिपी येत नाही, म्हणून ते आम्हाला नाणी वाचायला देतात आणि आम्ही त्यांना खरे-खोटे विचारतो. त्यांच्याकडे २००१ मध्ये निघालेला गोरोन आणि गोएंका यांचा सुलतानी नाण्यांचा जाडजूड ग्रंथ आहे. तो उघडून त्यांनी चित्र पुढे केले. “सर, तुम्हीच वाचा शेजारी शेजारी ठेवून.”

वाचले, आणि तेव्हा जे दिसले ते आधीच दिसायला हवे होते. ‘राइज’मधला जीम भलतीकडे वळला होता. ‘अताअ’मधला ऐन नुसता आकडा होता. ‘रहमान’चा नून जागा उरली नाही म्हणून वर चढवला होता. आम्ही पहिलीच्या वर्गावरही तीन वर्षे होतो. फळ्यावरचे अक्षर न ओळखता, फक्त चित्र म्हणून उतरवून काढणारे मूल कसे लिहिते, ते आम्ही शेकडो पाट्यांवर पाहिले आहे. हा तोच हात होता.

“काका, हे नकली आहे,” आम्ही म्हटले. तोंड कोरडे पडले होते.

त्यांनी नाणे प्रकाशात धरले, कड पाहिली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नकली असेल. पण आजचं नाही. आज हे कोण कशाला पाडेल? वजन कमी, अक्षर चुकलेलं, धातू जुना. हे त्याच वेळचं असावं. बरनीनं लिहिलंय ना, घरोघरी टांकसाळ, त्यातल्या एका घरचं.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “नक्की मी सांगणार नाही. लांबच्या टांकसाळींतली खरी नाणीही कधी कधी अशी वेडीवाकडी असतात.”

बसमध्ये परतताना ते रुमालात गुंडाळून मुठीत धरले होते. टांकसाळीच्या कारागिरांबद्दल आम्ही वर्गात जे ठासून सांगत आलो होतो, ते या एका नाण्यापुढे टिकत नव्हते. ज्याने हा ठसा कोरला त्याला वाचता येत नव्हते. तो कुणी तांबट असेल, लोहार असेल. हिंदू की मुसलमान, ते पितळ सांगत नाही. सुलतानाच्या नावाने रहमानची आज्ञा पाळा असे लिहिलेले वाक्य त्याने अर्थ न कळता कोरले, आणि ते वाक्यच मोडून त्याचा टंका तयार झाला.

नववीच्या वर्गात नाणे फिरवले. मुलांनी ‘दौलताबाद’ लावून वाचले, ‘तख़्तगाह’ वाचले. चुका दाखवल्या तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “सर, सुलतान तो सबके बदल के दे रहा था ना? फिर इसने क्यूं नहीं बदला?”

अम्मींनी ते नाणे कपाटाच्या वरच्या फळीवर, जुजदानाच्या शेजारी ठेवले आहे. त्यावर रहमानचे नाव आहे, मग ते कसेही लिहिलेले असो, असे त्यांचे म्हणणे. जहांगीरचा सिंह मात्र टेबलाच्या खणात पडून असतो. पाकिटावर चिठ्ठी लावायची अजून राहिली आहे. पेन्सिलीने दोनदा लिहिली, दोनदा पुसली. दरम्यान व्यापाऱ्याने निरोप पाठवला आहे की परभणीकडून मोडीचे आणखी एक पोते आले आहे आणि त्यात लिखाण दिसते. शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत.