गोल्फमधला फटका फसतो कशामुळे? स्लाइस, शँक, फॅट आणि टॉपमागचं कारण आणि उपाय

६ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ मोहिमेचा अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड चंद्रावर गोल्फ खेळला. दगड-माती गोळा करायच्या दांडीला त्यानं सिक्स आयर्नचं टोक बसवलं होतं. स्पेससूट इतका जाड की स्विंग एकाच हातानं करावा लागला. पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा चंद्राची धूळच जास्त उडाली. दुसरा चेंडू मैलोन् मैल गेला असं तो म्हणाला खरा, पण पन्नास वर्षांनी फोटोंवरून मोजणी झाली तेव्हा ते अंतर ४० यार्डांच्या आसपास भरलं.

थोडक्यात, फटका फसणं नवख्यांपुरतं नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या मैदानांवर टेनिस बॉल क्रिकेट खेळून मोठा झालेला माणूस मुंबई-पुण्यात पहिल्यांदा गोल्फ क्लब हातात घेतो, तेव्हा त्याला वाटतं, चेंडू तर जागेवर पडलेला आहे, यात काय अवघड? पण चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. त्या वेळात काहीही सावरता येत नाही. आणि खरी गोम पुढेच आहे. फटका फसल्यावर माणूस आपसूक जो उपाय करतो, तो बहुतेक वेळा उलटा पडतो.

(पुढचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.)

स्लाइस : डावीकडे नेम धरला की आणखी उजवीकडे

चेंडू हवेत उजवीकडे वळत जातो त्याला स्लाइस म्हणतात. नवख्यांचा सगळ्यात जुना आजार हाच. चेंडू सुटतो कोणत्या दिशेनं, हे मुख्यतः क्लबफेस ठरवतो. पुढे तो वळतो किती, हे ठरतं क्लबफेसची दिशा आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. फेस मार्गाच्या मानानं उजवीकडे उघडा राहिला, तर चेंडू तिरका फिरतो आणि हवा त्याला उजवीकडे ओढते.

आता खेळाडू काय करतो? चेंडू उजवीकडे जातो म्हणून डावीकडे तोंड करून उभा राहतो. स्विंगही डावीकडे जातो, फेस मात्र तिथेच राहतो. दोघांतला फरक वाढतो आणि चेंडू आधीपेक्षा जास्त वळतो!

आधी पकड तपासावी. क्लब धरून खाली पाहिलं की डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची पेरं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवावा. फार फिरवला तर चेंडू डावीकडे वळू लागतो, तो हुक. ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. चेंडू फेसच्या मधोमध न लागता दांडीकडच्या बाजूला लागला, तरी तो उजवीकडे वळतो. मार्करनं चेंडूवर ठिपका काढून तो क्लबकडे करून ठेवला की फेसवर डाग उमटतो आणि पकडीचा दोष की जागेचा, हे लगेच कळतं.

स्लाइस झालेला चेंडू शेजारच्या लोकांच्या डोक्यावर जाऊ शकतो. अशा वेळी लाजत न बसता ‘फोर!’ असं मोठ्यानं ओरडायचं असतं.

शँक

चेंडू फेसला न लागता दांडी जिथे बसते त्या गळ्याला लागतो आणि काटकोनात गेल्यासारखा उजवीकडे पळतो. चांगले चांगले खेळाडू याचं नावही काढत नाहीत. घाबरून माणूस चेंडूपासून लांब उभा राहतो, त्यामुळे तोल पायाच्या बोटांवर जातो, हात पुढे ढकलले जातात आणि पुन्हा शँक. त्यापेक्षा चेंडूच्या पलीकडे थोड्या अंतरावर दुसरा चेंडू ठेवून फक्त अलीकडचा मारायचा सराव करावा.

फॅट आणि टॉप : दोष एकच, रूपं दोन

क्लब चेंडूआधी जमिनीत घुसला तर फॅट. चेंडूच्या डोक्याला लागला आणि चेंडू सरपटत गेला तर टॉप. दिसायला अगदी वेगळे, पण बहुतेकदा मूळ एकच असतं. स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू आयर्नच्या फटक्यात चेंडूच्या काही इंच पुढे यायला हवा. चेंडू उचलायच्या नादात खेळाडू मागच्या पायावर रेलतो आणि तो बिंदू मागे सरकतो. मग क्लब एक तर माती खणतो, नाहीतर वर येता येता चेंडूच्या माथ्याला लागतो. वास्तविक चेंडू उचलायचं काम क्लबच्या तिरप्या फेसचं आहे, खेळाडूचं नव्हे. ‘डोकं वर केलंस’ हा फुकट मिळणारा सल्लाही अर्धाच खरा. डोकं वर जातं ते पुष्कळदा याच उचलण्याच्या नादात.

या दोषासाठी गोल्फ कोर्स लागत नाही, पुळण पुरते. तारकर्ली-देवबागला ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते. तिच्यावर आडवी रेघ ओढावी, रेघ दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहावं आणि चेंडू न ठेवताच स्विंग करावा. वाळू रेघेच्या पुढे, म्हणजे डाव्या पायाच्या बाजूला उडाली तर ठीक. मागे उडाली तर वजन पुढच्या पायावर आणून पुन्हा. दहा स्विंगचे दहा ओरखडे समोर राहतात, कुणाला विचारावं लागत नाही. हाच प्रयोग जांभ्याच्या सड्यावर मात्र करू नये, मनगट दुखावेल. पर्यटकांची गर्दी व्हायच्या आत, सकाळी लवकर जावं आणि घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्यानं धुऊन कोरडा पुसावा. खाऱ्या वाळूनं लोखंड लवकर गंजतं.