संगणकावर मराठी ‘टाकून घेणे’

संगणकावर मराठी ‘टाकून घेणे’ हा वाक्प्रयोग ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या शाळांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून बरीच वर्षे रूढ होता. आता तो फारसा ऐकू येत नाही, कारण मोबाइल घेतला की मराठी त्यात असतेच. पण साधारण १९९० ते २०१० या काळात भाषा ही पंख्यासारखी वेगळी आणून बसवायची वस्तू होती, आणि बसवताना काहीतरी अडायचेच. त्या काळातल्या प्रश्नपत्रिका आणि शाळेच्या वार्षिकांचा मजकूर आजही कुठल्यातरी कपाटात फ्लॉपीवर किंवा सीडीवर पडून आहे. तो वाचायचा तर ही अडचण काय होती, ते समजून घ्यायला हवे.

आरंभी भाषा बसवायची ती शब्दशः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि १९८८ मध्ये पुण्याला स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेल्या ‘जिस्ट’ तंत्राचे कार्ड संगणकाच्या पेटीतील खाचेत खोचावे लागे. नंतर सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलरची श्री-लिपी अशी सॉफ्टवेअर आली. ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१ मध्ये ठरले होते खरे, पण पडद्यावर अक्षरे काढणारे फॉन्ट आपापलेच क्रमांक वापरत. एकाने ज्या क्रमांकावर ‘क’ ठेवला, तिथे दुसऱ्याचा काना असायचा. शिवाय काही सॉफ्टवेअरला कुलूप असे. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी एक छोटी डबी खोचल्याशिवाय ते चालतच नसे.

सेटअप फ्लॉपीवर यायचा. एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावत, म्हणून फ्लॉप्यांचा संचच असे. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर पांढरी बुरशी धरते. पहिल्या दोन फ्लॉप्या सुरळीत उतरायच्या आणि तिसरीला यंत्र विचारायचे, ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल?’ या प्रश्नाला शाळेतल्या शिक्षकाने काय उत्तर द्यावे, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही! सेटअप तिथे सोडला, तर निम्म्या फाइली संगणकात आणि निम्म्या बुरशीखाली.

अर्धवट सेटअप हा खरा शत्रू, आणि त्याला आपल्या भागात आणखी एक साथीदार मिळाला, तो म्हणजे भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत मुंबई शहरात दिवे असत, पण कल्याण-डोंबिवलीत रोज ठरलेल्या आणि न ठरलेल्या वेळी वीज जाई. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर ‘विंडोज इन्स्टॉलर’ आणला, तो अशाच प्रसंगांसाठी उपयोगी होता. तो प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, बदलायच्या जुन्या फाइलींची प्रत एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपतो आणि काम अडले तर उलट्या क्रमाने सगळे पूर्ववत करतो. वीज परत आल्यावर पुन्हा सेटअप चालवला की क्रमांक १७०४ ची सूचना यायची: आधीचे काम अर्धवट राहिले आहे, ते मागे घ्यावे लागेल. पुष्कळांना हा बिघाड वाटे. वस्तुतः ती सावरासावर होती.

१६०३ हा क्रमांक मात्र अधिक कुप्रसिद्ध. त्याचा अर्थ एवढाच, की काम अडले. का अडले, ते तो सांगत नाही. कारण हवे तर इन्स्टॉलरला नोंदवही लिहायला लावायची आणि तीत ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधायचे. खरे कारण बहुधा त्याच्या वरच्या काही ओळींत सापडते. तापमापक ताप दाखवतो, रोग नाही. तो शोधायला रक्त तपासावे लागते, तसेच हे.

२००१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्याने शिक्षक मोठ्या संख्येने संगणकापुढे बसले, आणि विंडोज एक्सपी आली. एक्सपीला युनिकोडमधली देवनागरी येत होती, पण ती जागृत करावी लागे. कंट्रोल पॅनेलमधल्या एका चौकटीत खूण केली, की एक्सपी मूळ सीडी मागे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकाबरोबर ती सीडी बहुधा नसेच! जाणकार मंडळी सीडीवरचे ‘आय३८६’ फोल्डर आधीच हार्डडिस्कवर उतरवून ठेवत आणि एक्सपीला तो पत्ता देत.

येथे लक्षणे नीट पाहणे महत्त्वाचे होते. अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसले, तर फॉन्ट नाही. अक्षरे दिसतात, पण ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या मागे पडते आणि जोडाक्षरे फुटतात, तर फॉन्ट आहे, पण अक्षरे जुळवणारा भाग नाही. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवतात. ती पुढे आणून दाखवणे हे त्या भागाचे काम. आणि रोमन अक्षरांचा खिचडा दिसला, तर मजकूर युनिकोडचा नाहीच, जुन्या फॉन्टचा आहे. दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचे औषध, म्हणजे पुन्हा पुन्हा फॉन्ट टाकणे, सर्रास चाले. गुण येणे शक्यच नव्हते.

पुढे विंडोज व्हिस्टापासून ही खूण करायची गरज उरली नाही. मात्र जुन्या सीडी वेगळ्याच कारणाने अडू लागल्या. ६४ बिटांची विंडोज १६ बिटांचे प्रोग्रॅम चालवत नाही. काही सॉफ्टवेअर ३२ बिटांचे, म्हणजे चालण्याजोगे असूनही, त्यांचा सेटअप १६ बिटांचा होता. घर शाबूत, पण दाराची किल्लीच गंजलेली. आणि कुलपाची ती डबी खोचायला नव्या संगणकाला मागे जागाच नाही.

तरीही जुना मजकूर वाचायला जुने सॉफ्टवेअर बसलेच पाहिजे असे नाही. फाइलीत क्रमांक तसेच्या तसे असतात. कोणत्या फॉन्टमध्ये लिहिले ते कळले, की त्या फॉन्टचे क्रमांक युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम मिळतात. अशा फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, म्हणून रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार आधी तपासावेत. चुका तिथेच सापडतात. फ्लॉपी असेल तर मात्र हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी केलेले बरे.