दिल्लीतल्या बायकांच्या मागावर

सुट्टी लागली की आपल्याकडची कितीतरी घरं दिल्लीला जाऊन येतात. हाताशी एखादाच दिवस, बरोबर मुलं आणि सासूबाई. लाल किल्ला, म्युझियम, हुमायूनचा मकबरा झाला की गाडीची वेळ होते. (सोमवार मात्र टाळा. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय दोन्ही बंद असतात.) गाइड सांगतो ती सगळी नावं बादशहांची. आम्हीही घरच्यांना घेऊन असाच एक दिवस फिरलो, पण ठरवून बायकांच्या मागावर.

लाल किल्ल्यात मराठी माणसाला दिवाण-ए-खास पाहायचाच असतो. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी तिथल्या छताची चांदी उतरवली, ही गोष्ट सांगायला घरातले पुरुष तयारच असतात. ती ऐकावी आणि मग लाहोरी दरवाज्यातून बाहेर येऊन समोर बघावं. तो सरळ रस्ता म्हणजे चांदणी चौक. तो आखून घेतला शाहजहानच्या लेकीनं, जहांआरानं, १६५० च्या सुमारास. मधून कालवा वाहायचा, चौकात हौद होता, त्यात चांदणं पडायचं, म्हणून हे नाव.

पैसा कुठला? तिचा स्वतःचा. आई मुमताज १६३१ मध्ये बाळंतपणात गेली तेव्हा जहांआरा सतरा वर्षांची होती. आईच्या संपत्तीतला अर्धा वाटा तिला मिळाला आणि बादशाही जनानखान्याचा कारभारही. पुढे सुरत बंदराचं उत्पन्न तिच्या नावे झालं. महाराजांच्या स्वारीमुळे आपल्याला ठाऊक असलेली, तीच ही सुरत. चांदणी चौकात तिनं परदेशी व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई बांधली. बर्निये या फ्रेंच प्रवाशानं तिची तारीफ लिहून ठेवली आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी ती सराई पाडली आणि तिथे टाउन हॉल उभा केला. आज लोक तिथे जिलबी खातात, लग्नाचे शालू घेतात, आणि जहांआराचं नाव कुणाच्या तोंडी नसतं.

संग्रहालयात सगळं बघायला जाऊ नका, पाय मोडतात. मोहेंजोदडोची ती ब्राँझची पोरगी मात्र चुकवू नका. १९२६ साली सापडली. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहातावर मावेल एवढी. एक हात कमरेवर, दुसरा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, आपल्या लमाण बायांसारखा. पाटीवर लिहिलंय 'नर्तकी'. ते नाव ती सापडल्यावर साहेबांनी दिलं. ती नाचणारी होती याला पुरावा काही नाही. आम्हाला तर ती कुणाशी तरी भांडायला उभी राहिल्यासारखी वाटली.

दुपारनंतर हुमायूनचा मकबरा. ताजमहालाच्या साठेक वर्षं आधीची ही इमारत. नाव नवऱ्याचं, पण ती उभी करवली त्याच्या थोरल्या बायकोनं, बेगा बेगमनं, असं परंपरा सांगते. श्रेय अकबराला देणारे अभ्यासकही आहेत. या बेगाचं आयुष्य ऐका. १५३९ साली चौसाला हुमायून शेरशहाकडून हरला. त्या पळापळीत ती शत्रूच्या हाती लागली आणि तिची लहानगी मुलगी अकीका हरवली, ती कायमचीच. शेरशहानं बेगाला मानानं परत पाठवलं. पुढे नवरा गेला, ती हजला जाऊन आली आणि लोक तिला हाजी बेगम म्हणू लागले.

अकीकाचं नाव आपल्याला कळलं ते गुलबदन बेगममुळे. ही हुमायूनची सावत्र बहीण. अकबराच्या सांगण्यावरून तिनं भावाच्या आठवणी लिहिल्या. बाकीचे बखरकार लढाई लिहितात. हिनं त्या लढाईत कोणकोणत्या बायका-मुली हरवल्या त्यांची नावं लिहिली. तिच्या पुस्तकाची एकच प्रत उरली आहे, तीही अपुरी, आणि ती लंडनला आहे.

आणि दगड-चुना वाहणाऱ्या बाया? अकबरनाम्यातल्या बांधकामाच्या चित्रांत मजूर बायका दिसतात. नाव एकीचंही नाही.

मकबऱ्यापासून जवळच निजामुद्दीनचा दर्गा. मुख्य कबरीच्या खोलीत बायकांना आजही प्रवेश नाही. जाळीबाहेर बसून दोरा बांधायचा. त्याच आवारात जहांआरा आहे. बापाला औरंगजेबानं आग्र्यात कैदेत ठेवलं, तेव्हा ती आठ वर्षं त्याच्यासोबत राहिली. १६८१ मध्ये वारली. एवढ्या धनवान बाईच्या कबरीला छत नाही. भोवती संगमरवरी जाळी आणि वर गवत उगवलेलं. तिची इच्छाच तशी होती.

गाडीला वेळ असेल तर रझियाही बघा. १२३६ ते १२४० दिल्लीच्या तख्तावर बसलेली बाई. तिची म्हणून दाखवतात ती कबर तुर्कमान गेटजवळच्या बोळांत, घरांच्या मधोमध आहे. तिच्यावरही छत नाही. रिक्षावाल्याला रझियाचं नाव सांगून पत्ता लागेलच असं नाही. बुलबुली खाना म्हणा, आणि शेवटचा बोळ चालत जा.