वसईचा तह व पुण्यांतील विश्रामबागवाडा

वसईच्या कोटांत हिंडणाऱ्या इतिहासप्रेमी मनुष्यास प्रथम स्मरण होतें तें १७३९ सालचें. चिमाजीअप्पांनीं फिरंग्यांकडून हें ठाणें जिंकून घेतलें, तो मराठ्यांच्या पराक्रमाचा एक कळस होय. परंतु त्यानंतर त्रेसष्ट वर्षांनीं, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, याच वसईंत चिमाजीअप्पांच्या पुतण्याच्या पुत्रानें, म्हणजे रघुनाथराव दादांचे चिरंजीव बाजीराव यांनीं, इंग्रजांशीं तह केला. त्या तहाचीं कलमें आपण ग्रंथांतून वाचतों. त्याची वास्तुरूप खूण मात्र पाहावयाची असल्यास वसईस न थांबतां पुण्यास विश्रामबागवाड्याच्या दारीं उभें राहिलें पाहिजे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे.

तहाची हकीकत थोडक्यांत अशी. २५ आक्टोबर १८०२ रोजीं हडपसराजवळ यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरले व इंग्रजी जहाजाच्या आश्रयानें डिसेंबरांत वसईस पोंचले. तेथें कर्नल बॅरी क्लोज याच्याशीं ठरलेल्या तहान्वयें निदान सहा हजार इंग्रजी पायदळ तोफखान्यासह पेशव्यांच्या मुलखांत कायमचें राहावयाचें होतें. त्याच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून देण्यांत आला. सुरतेवरील हक्क सुटला. निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेले वाद इंग्रजांच्या मध्यस्थीवर गेले. १३ मे १८०३ रोजीं बाजीराव पुन्हां गादीवर बसले, ते या परक्या बळावर.

या पुनःस्थापनेनंतर बाजीरावांनीं पुण्यांत जे वाडे उठविले त्यांत विश्रामबाग अग्रगण्य होय. त्याचें साल सामान्यतः १८०७ धरितात. खर्च सुमारें दोन लक्ष रुपये झाला. वाड्याची रचना तीन चौकांची आहे. पेशवाई वाड्यांच्या सर्वसाधारण रीतीप्रमाणें बाहेरचा चौक कारभार व भेटीगांठींकरितां, आंतील चौक कुटुंबाकरितां. उजेड व वारा चौकांतूनच सोप्यांत व दालनांत खेळावयाचा. भार वाहतो तो सागवानी सांगाडा: दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे आहेत. त्यांवरील महिरपींत वेलबुट्टी व केळफुलें कोरलीं आहेत. परंतु सर्वांत लक्ष वेधून घेते ती दर्शनी बाजू. दरवाज्यावर रस्त्याच्या अंगास पुढें आलेला कोरीव लांकडी सज्जा आहे. धन्यानें बाहेर पाहावें आणि लोकांनीं धन्यास पाहावें, अशीच त्याची योजना दिसते.

आतां शनिवारवाड्याशीं तुलना करावी. थोरल्या बाजीरावांनीं १७३० च्या जानेवारींत त्याचा पाया घातला व १७३२ सालीं वास्तुशांति झाली. त्याच्या तटास नऊ बुरूज व पांच दरवाजे आहेत, आणि दिल्लीदरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीच्या धडकेस तोंड देणारे अणकुचीदार खिळे आहेत. विश्रामबागेस तट नाहीं, बुरूज नाहीं, खंदक नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, नाना फडणिसांच्या वाड्यासहि बुरूज नव्हते. मग विश्रामबागेंतच काय विशेष? आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरांतच या वास्तूचें मर्म आहे. मुत्सद्द्यांस व सरदारांस पुण्यांत तट नको होता, कारण त्यांचें रक्षण करणारा धनी जवळच शनिवारवाड्यांत बसला होता. बाजीरावांनीं स्वतःकरितां जें घर बांधिलें तें सरदारी घाटाचें. रक्षण करणारा दुसरा कोणी आहे, ही समजूत त्या उघड्या दर्शनी भागांत गृहीत धरलेली आहे. शनिवारवाडा त्यांनीं सोडून दिला नव्हता हें खरें. परंतु नवें घर बांधतांना त्याचा कित्ता गिरविला नाहीं. ‘विलासी पेशव्याचा रंगमहाल’ एवढ्यावरच वाड्याची बोळवण करणारांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. विलास हें अर्धेंच कारण. उरलेलें अर्धें वसईच्या तहांत आहे.

नोव्हेंबर १८१७ मध्यें तें रक्षण संपलें. खडकीच्या लढाईनंतर त्याच इंग्रजांनीं पुणें घेतलें. १८१८ च्या जूनमध्यें बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले व ब्रह्मावर्तास गेले. वाड्याचें भाग्य मात्र धन्याहून बरें ठरलें. ६ आक्टोबर १८२१ रोजीं येथें संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा तिच्या कामीं लागला. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेंत तयार झाले, व पुढील डेक्कन कॉलेजाचें मूळहि हेंच. जेथें राज्य राहिलें नाहीं तेथें विद्या राहिली, म्हणून घर राहिलें. १८७९ च्या मे महिन्यांतील आगींत बुधवारवाडा नष्ट झाला व विश्रामबागेचाहि कांहीं भाग जळाला. पुढें त्याची दुरुस्ती झाली. म्हणून आज दिसणारा प्रत्येक खांब पेशवाईंतील समजूं नये. अभ्यासकानें जुनें व नवें काम निवडून पाहावें.

या निवडीस कागदांचा आधार हवा. सागवान कोणत्या रानांतून आलें, सुतारांस मजुरी काय दराची पडली, याचीं टिपणें अशा कामीं अमोल होत. घरोघरच्या जुन्या बाडांत सनदा व वंशावळी तेवढ्या राखून रोजखर्चाच्या याद्या रद्दींत घालण्याची चाल आहे. संग्राहकांनीं ती सोडावी, एवढी विनंति आहे. तहाचीं कलमें राज्य कोणत्या शब्दांत गेलें तें सांगतात. तें गेल्यावर लोक कसे राहिले, हें घरें आणि त्यांचे हिशेब सांगतात.