बीजभांडवल : मधुमेह संशोधनाचा इतिहास आणि आपण

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी विश्वस्त मंडळाने आज्ञा केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाची ठाणे मोजण्यात आणि खतावणी लिहिण्यात गेले. वैद्यकशास्त्राचा माझा अभ्यास नाही. तथापि मधुमेह हा विकार आमच्या घरात दोन पिढ्या मुक्कामाला असल्याने त्याच्या इतिहासाचे वाचन आपोआप घडत गेले. त्या वाचनातून एक गोष्ट मनावर ठसली. या विकारावरील अनेक मोठ्या शोधांच्या मुळाशी एखाद्या तरुण संशोधकाला योग्य वेळी मिळालेले अल्पसे साहाय्य आहे. व्यापारात ज्याला आपण बीजभांडवल म्हणतो, तेच हे.

माझे वडील १९७६ साली मधुमेहाने गेले. गोळ्यांचा उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिनची टोचणी सुचविली. ते औषध गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढतात, हे कळताच वडिलांनी हात जोडले. ‘एका जिवासाठी दुसरा जीव नको,’ एवढेच ते बोलले. आईने डोळे पुसले. पण आग्रह केला नाही. त्या वेळी मी शाळकरी मुलगा होतो. वडिलांचा निर्णय योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचा अधिकार मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. परंतु त्यांच्यापुढे तिसरा मार्ग का नव्हता, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून कधी गेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम कॅनडातील टोरांटो शहराकडे वळावे लागते. १९२१ सालच्या मे महिन्यात फ्रेडरिक बँटिंग हा एकोणतीस वर्षांचा, फारसा नाव नसलेला शल्यविशारद तेथील विद्यापीठात काम करू लागला. प्राध्यापक मॅक्लिऑड यांनी त्याला सुट्टीच्या काळापुरती प्रयोगशाळा, प्रयोगासाठी काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा बावीस वर्षांचा विद्यार्थी साहाय्यक म्हणून दिला. पुढे रसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी अर्काचे शुद्धीकरण केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनने जीवदान मिळाले. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधाचे हक्क विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देण्यात आले. हा अपरिग्रह आपल्यालाही वंदनीय वाटावा. मात्र त्या प्रयोगांत प्राण गमावलेल्या मुक्या जिवांची आठवण न ठेवता पुढे जाणे श्रावकधर्माला शोभणार नाही, म्हणून तीही येथे नोंदवितो.

योगायोग असा की, ज्या १९७६ साली माझे वडील गेले, त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट स्वॅन्सन हा तरुण व्यावसायिक आणि हर्बर्ट बॉयर हे जीवशास्त्रज्ञ यांनी ‘जेनेनटेक’ ही कंपनी स्थापन केली. प्रारंभी दोघांनी प्रत्येकी पाचशे डॉलर घातले, असे सांगतात. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, तेथील व ‘सिटी ऑफ होप’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या साहाय्याने मानवी इन्सुलिन तयार केले. १९८२ साली अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली. भारतात २००३ साली वोखार्ट कंपनीने आणि २००४ साली बायोकॉनने असे इन्सुलिन बाजारात आणले. मला २००५ मध्ये मधुमेह झाला आणि २०१४ पासून मी इन्सुलिन घेतो. त्यासाठी कोणत्याही पशूच्या स्वादुपिंडाची गरज लागत नाही. वडिलांना न लाभलेला तिसरा मार्ग मुलाला लाभला, तो कोणा तरुणांच्या परिश्रमांमुळे आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्यांच्या पैशामुळे.

आता आपल्या पुण्यनगरीकडे येऊ. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालय १९१२ सालचे. डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली त्याने शहराबरोबर वढू परिसरातील खेड्यांपर्यंत आरोग्यसेवा नेली. याच रुग्णालयात ऑक्सफर्डहून संशोधनाचा अनुभव घेऊन परतलेले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९८० च्या दशकात मधुमेहाचा अभ्यास सुरू केला. या कामाला लंडनच्या वेलकम ट्रस्टचे साहाय्य लाभले. हा ट्रस्ट सर हेन्री वेलकम या औषध व्यावसायिकाच्या मृत्युपत्रान्वये १९३६ साली स्थापन झाला. एका व्यापाऱ्याने मागे ठेवलेली मुद्दल परदेशातील एका पेठेत अशी फळाला आली!

येथे खतावणीचा महिमा सांगण्याचा मोह आवरत नाही. इंग्लंडमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांना हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासूनच्या बालकांच्या जन्मवजनाच्या जुन्या वह्या मिळाल्या. त्यांवरून १९८९ साली त्यांनी दाखविले की, कमी वजनाने जन्मलेल्यांत पुढे हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक असते. पुण्यातही तसेच घडले. के. ई. एम. मध्ये जन्मलेल्या मुलांच्या वजनाच्या नोंदी रुग्णालयात होत्या. ती मुले चार वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी केली, तेव्हा कमी जन्मवजनाच्या मुलांत ग्लुकोज दिल्यानंतर रक्तातील साखर व इन्सुलिन अधिक आढळले. हे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. आठव्या वर्षी ४७७ मुलांची पुन्हा तपासणी झाली. जन्मतः लहान आणि आठव्या वर्षी मोठी झालेली मुले अधिक धोक्यात असल्याचे १९९९ मध्ये निदर्शनास आले. कोणी परिचारिकेने रोज इमानेइतबारे लिहिलेला आकडा वर्षांनंतर शास्त्राचा आधार ठरला. रोजमेळ नीट लिहिण्याचे महत्त्व याहून वेगळे काय सांगावे?

१९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषणाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्या मातांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. त्यांची बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके ३.५ किलोची. परंतु आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील मेद तुलनेने टिकून होता. दिसायला कृश, आतून मेदयुक्त. नाळेच्या रक्तातील इन्सुलिन या संप्रेरकाचे प्रमाणही लंडनमधील गोऱ्या बालकांपेक्षा पुण्याच्या बालकांत अधिक असल्याचे २००२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मधुमेहाची मुळे मिठाईच्या ताटाआधी मातेच्या उदरातच रुजतात. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात स्वतःचीच तुलना छापली. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखेच, २२.३, परंतु शरीरातील मेद एकाचा ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकराचा २१.२ टक्के. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी निश्चिंत राहू नये, हे या दोन आकड्यांनी जगाला पटविले.

या संशोधनातील एक निष्कर्ष आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावा. त्या खेड्यांतील सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. वनस्पतिजन्य आहारात बी-१२ जवळपास नसते. शाकाहारी मनुष्याला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. २०१२ पासून याच खेड्यांतील तरुण-तरुणींना अल्प मात्रेत बी-१२ देऊन पुढील पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. आपला शाकाहार हा आपला आचार आहे, त्यात तडजोडीचा प्रश्न नाही. परंतु सुनांनी व कन्यांनी विवाहानंतर, अपत्यापूर्वी, डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी करून घ्यावी, एवढी विनंती मी अवश्य करीन.

संशोधनाला बीजभांडवल देण्याची परंपरा आपल्या देशात नाही असे नाही. सर दोराबजी टाटा यांनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ साली लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. त्यातून रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाबरोबरच भारतातील तरुण संशोधकांनाही शिष्यवृत्ती मिळत आली. आपल्याच समाजातील डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कुटुंबाच्या न्यासाच्या साहाय्याने अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधनवृत्ती देत आली आहे. २००८ साली केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी तरुण शास्त्रज्ञांसाठी संयुक्त योजना सुरू केली.

मग आपले काम काय उरले? मोठ्या संस्था मोठे अनुदान देतात. परंतु त्याआधी ‘प्राथमिक निष्कर्ष काय?’ असे विचारतात. नवख्या संशोधकाजवळ तेच नसतात. काही रक्ततपासण्या, एका साहाय्यकाचे वर्षभराचे मानधन, खेड्यापर्यंतचा प्रवास, एवढ्या खर्चासाठी चांगली कल्पना वहीतच राहते. कापडाच्या धंद्यात उतरणाऱ्या नव्या मुलाला जसे कोणीतरी पहिली चार ठाणी उधारीवर द्यावी लागतात, तसेच हे आहे. चार ठाणी बुडाली तरी देणाऱ्याचे दिवाळे निघत नाही. विकली गेली तर एक घर उभे राहते. संशोधनातही सर्वच बीजे उगवणार नाहीत, हे देणाऱ्याने आधीच मान्य करावे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोक मधुमेहाने ग्रस्त आहेत. आपल्या चार दानांत औषधदान आहे आणि ज्ञानदानही आहे. संशोधनाला दिलेल्या साहाय्यात ही दोन्ही दाने एकत्र येतात. गेल्या पन्नास वर्षांत आपण रुग्णांना औषधे दिली, विद्यार्थ्यांना पुस्तके दिली. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी, दरवर्षी पुण्यातील एका तरुण संशोधकाला प्राथमिक अभ्यासापुरते साहाय्य देण्याचा विचार विश्वस्त मंडळाने करावा, अशी नम्र सूचना मी मांडतो. निवड जाणकार वैद्यकांनी करावी. हिशेब मात्र आपण चोख मागावा. या कार्यासाठी वडिलांच्या स्मरणार्थ पहिल्या वर्षाची रक्कम देण्यास मी तयार आहे.

त्यांना ज्या तिसऱ्या मार्गाची वाट पाहता आली नाही, तशा एखाद्या मार्गाची सुरुवात आपल्या अल्पशा देणगीतून व्हावी, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.