शीड, दोर आणि रहाट

नागपूरच्या इतवारींत, समुद्रापासून शेंकडों मैल दूर बसलेल्या माणसानें जहाजाच्या शिडांविषयीं बोलावें, याचें कित्येकांस हसूं येईल. पण नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसाच्या किनाऱ्यावर होता, हें आपण विसरतों. शिवाय आजचा विषय जितका समुद्राचा तितकाच रहाटाचा आहे. आणि मोट, रहाट, कप्पी यांची ओळख विदर्भांतील माणसास करून द्यावयास नको.

प्रश्न असा कीं, शीड फार मोठें असेल तर तें चढवावें कशानें? माणसांच्या हातांनीं, कीं इंग्रजींत ज्यास विंच म्हणतात त्या दोर गुंडाळणाऱ्या रहाटानें? निरनिराळ्या दर्यावर्दी लोकांनीं याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, आणि त्या उत्तरांनीं त्यांच्या जहाजांचें बळ व मर्यादा दोन्ही ठरल्या.

प्रथम आपल्या कोंकणाकडे वळूं. आंग्र्यांच्या आरमाराचें वर्णन कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें केलें आहे. गुराब दीडशें ते तीनशें टनांची, गलबत बहुधा सत्तर टनांच्या आंतलें. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतें मिळून आंग्र्यांचें मुख्य आरमार होई. गलबताच्या मोठ्या डोलकाठीवर एकच तिकोनी शीड असे. पण तें इतकें प्रचंड, कीं चढविल्यावर त्याचें टोंक डोलकाठीच्याही बरेंच वर जाई. हें शीड ज्या लांब तिरप्या काठीस बांधतात तिला परबाण म्हणतात. काठी, कापड आणि वारा या तिहींचा भार शीड चढविणाऱ्या दोरावर येतो.

हा भार उचलण्यास आंग्र्यांस मोठ्या यंत्राची निकड नसावी, असें मला वाटतें. आणि कारण ऑर्मच्याच वर्णनांत आहे. एकेका गलबतास चाळीस-पन्नास वल्हीं असत. वारा पडला कीं हींच गलबतें वल्हवीत, गुराबांना दोर लावून ओढीत, लढाईच्या जागीं नेत. वल्ह्यांसाठीं आणि हातघाईसाठीं जीं माणसें जहाजावर असावयाचींच, तींच दोरास लागलीं कीं शीड घटकेच्या आंत वर. रहाट मंद, पन्नास हात चपळ. शत्रूवर झडप घालणाऱ्या आरमारास चपळाई हवी होती.

पण या सोयीची किंमत होती. तिकोनी शीड वाऱ्याच्या दुसऱ्या अंगास घ्यावयाचें तर परबाण डोलकाठीस वळसा घालून पलीकडे न्यावी लागते. वारा वाढला तर शीड थोडें आंखडणें सोपें नाहीं. सगळें उतरवून लहान शीड बांधावें लागतें. आणि इतक्या माणसांचें अन्नपाणी घेऊन फार दूर जातां येत नाहीं. १७५५ सालीं सुवर्णदुर्गाजवळ कमोडोर जेम्सनें तुळाजी आंग्र्याच्या आरमाराचा पाठलाग केला, तेव्हां खलाशांनीं अडगळ समुद्रांत फेंकली, होतीं तेवढीं शिडें चढविलीं, आणि वाऱ्याची झुळूक धरण्यास अंगरखे व पागोटींसुद्धां वर बांधलीं, असें ऑर्म लिहितो. त्या पागोट्यांनीं किती वारा धरला असेल तो असो. माणसांची हौस आणि जीवाची भीति त्यांत दिसते खरी.

चिनी लोकांनीं वेगळा मार्ग धरला. चौदाव्या शतकांत इब्न बतूता कालिकतला आला तेव्हां त्या बंदरांत तेरा चिनी जहाजें उभीं होतीं. त्यांचीं शिडें बांबूच्या कामट्यांचीं, चटईसारखीं विणलेलीं होतीं, असें तो सांगतो. चिनी शिडाची मौज त्याच्या आडव्या काठ्यांत आहे. वारा वाढला कीं चढविण्याचा दोर सैल सोडावा. शीड स्वतःच्या वजनानें खालीं येतें आणि पंख्याच्या पात्यांप्रमाणें एकेक घडी मिटते. शिवाय शिडाचा कांहीं भाग डोलकाठीच्या पुढें येत असल्यामुळें त्यास वळविणाऱ्या दोरांवर ताण फार थोडा. सगळा भार एकाच दोरावर येतो, तो चढविण्याच्या.

तो भार केवढा? १८४६ च्या डिसेंबरांत हाँगकाँगहून निघालेलें ‘कीईंग’ नांवाचें जहाज आफ्रिकेस वळसा घालून १८४७ सालीं न्यूयॉर्कला आणि १८४८ सालीं लंडनला पोंचलें. त्याच्या मोठ्या शिडाचें वजन सुमारें नऊ टन होतें, असें त्या वेळच्या वर्णनांत आहे. न्यूयॉर्कला पगाराच्या तंट्यावरून सव्वीस चिनी खलाशी जहाज सोडून परत गेले. नऊ टनांचें शीड आणि मोजकीं माणसें! अशा ठिकाणीं रहाटावांचून गति नाहीं.

आजही हौशी लोक असें चिनी शीड लहान नौकांवर लावतात. कर्नल हॅसलर यानें १९६० सालीं ‘जेस्टर’ नांवाच्या पंचवीस फुटी नौकेवर तें लावून एकट्यानें अटलांटिक ओलांडला. अठ्ठेचाळीस दिवस लागले. मोठ्या नौकेवर रहाट निवडतांना हिशेब साधा आहे. रहाटाच्या लाटेची त्रिज्या दोन इंच आणि मुठीचा दांडा दहा इंच धरला, तर हाताचें बळ पांचपट होतें. तीस पौंडांच्या दाबानें दीडशें पौंड ओढले जातात. मध्यें तिहेरी कप्पी घातली कीं साडेचारशें. घर्षण वजा जातां तीनशें पौंडांचें शीड एका माणसास झेपेल. पण चाळीस फूट चढविण्यास एकशेंवीस फूट दोर ओढावा लागेल, म्हणजे मुठीचे सुमारें एकशेंपंधरा फेरे. तेवढ्या फेऱ्यांत वारा काय करील, याचाही विचार हवा.

म्हणून पैसा खर्चावयाचा तो चढविण्याच्या दोराच्या रहाटावर. वळविण्याच्या दोरांस बहुधा हात पुरतो. आणि विकत घेतांना उचलण्याच्या बळापूर्वीं सोडण्याची रीत तपासावी. चिनी शिडाचा सारा गुण चटकन् खालीं येण्यांत आहे. दोर सोडतांना मूठ उलटी गरगर फिरूं लागली, तर ती मनगट मोडल्यावांचून राहत नाहीं. म्हणून सोडतांना मूठ काढून ठेवतां यावी, आणि दोराचे दोन-तीन वेढे लाटेवर ठेवून तो हाताखालून हळूहळू सरकूं देतां यावा, असाच रहाट घ्यावा.